अक्काबाईंच्या वेगाने

कामथडीच्या मायाताई मोटरी भरतात. पाण्याची मोटर जळली की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार फेरे मोजत बसवायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं आणि मोटर गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. नसरापूर फाट्यावर दुकान आहे. पाटीवर नाव मात्र त्यांच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, बुद्धभूषण यांचं. ते स्वतःच गिऱ्हाइकाला सांगतात की बोलायचं काम माझं, भरायचं काम हिचं, आणि मोटर पुन्हा जळली तर तक्रार तिसऱ्याच कुणाकडे करा.

या मायाताईंना फिनलंडमधले काही लोक ‘स्टारडेल्टा’ या नावाने ओळखतात. मोठी मोटर दमाने चालू करणाऱ्या स्टार्टरचं ते नाव. फिनलंडच्या लोकांना वाटायचं की हा कुणीतरी दाढीवाला इंजिनियर असणार.

हे कसं झालं ते सांगायचं तर बारा वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा गेनबा भंगारवाल्यांनी एका मोटरीच्या बदल्यात दुकानात एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. सौदा असा की कॉम्प्युटर चालेल याची हमी गेनबा देणार नाहीत आणि मोटर टिकेल याची हमी मायाताई देणार नाहीत. दोन्ही चालले. मायाताईंनी लग्नाआधी भोरला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळे निदान भीती वाटली नाही. आत कुणाच्या तरी लग्नाचे फोटो होते, सातवीच्या भूगोलाचा एक प्रकल्प होता, आणि एक फाइल होती, जिच्या नावावरून काहीच कळत नव्हतं. आकार चार केबी. मोबाईलवर रोज सकाळी येणारा गुलाबाचा फोटोसुद्धा याच्या वीसपट मोठा असतो. मायाताईंनी दोनदा क्लिक केलं.

पडद्यावर डोंगर आले. डोंगरांवरून पाणी आलं, पाण्यात सूर्य बुडाला, सगळं जग पाखराच्या पाठीवर बसल्यासारखं गरगर फिरलं, आणि मागे चांगलं चार मिनिटं संगीत. मायाताईंना वाटलं हे काहीतरी चोरीचं आहे. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि पुन्हा लावलं. मग त्या फाइलच्या पोटात व्हिडिओ कुठे लपवलाय ते शोधायला बसल्या. तीन दिवस शोधला. व्हिडिओ नव्हता, फोटो नव्हता, गाणंही नव्हतं. होतं फक्त गणित. कॉम्प्युटर ते सोडवत होता आणि सोडवता सोडवता डोंगर काढत होता!

याला डेमो म्हणतात, आणि असे डेमो करणाऱ्यांच्या जगभर पसरलेल्या गोतावळ्याला डेमोसीन. कुस्तीत वजनगट असतो तसा यांच्यात फाइलच्या आकाराचा गट असतो. चार केबीचा गट म्हणजे चार हजार शहाण्णव बाइट. एक बाइट जास्त झाला की पैलवान बाद. तेवढ्यात मावेल तितकं आभाळ कोंबायचं. मग वर्षातून एकदोनदा कुठेतरी जमायचं, मोठ्या पडद्यावर सगळ्यांचे डेमो लावायचे, आरडाओरडा करायचा, चिठ्ठीवर मत द्यायचं आणि आपापल्या घरी जायचं. हे विकलं जात नाही, यातून नोकरी लागत नाही. बुद्धभूषणांनी साहजिकच विचारलं की मग लोक करतात कशाला. मायाताई म्हणाल्या, कमी तारेत जास्त ताकद काढायला. ते मोटरवाले असल्यामुळे त्यांना लगेच पटलं.

मायाताई शिकत गेल्या. दुपारी गिऱ्हाईक नसताना, वार्निश वाळेपर्यंत, मोबाईलवर इंग्रजी वाचत, अर्धं समजत आणि अर्धं करून बघत. आधी अगदी लहान डेमो केले, अडीचशे बाइटांचे. फिरणारं चक्र, जळणारी चूल, न थांबणारी पावसाची रेघ. ते इंटरनेटवर टाकले. फिनलंडहून कुणीतरी विचारलं, तुमच्या ग्रुपमध्ये किती जण आहेत? मायाताईंनी लिहिलं, “एक. पाहुणे आले की अर्धी.” हे उत्तर तिकडे बरंच गाजलं म्हणतात.

घरात मात्र एक प्रेक्षक खूश नव्हता. मायाताईंच्या सासूबाई, अक्काबाई. वय एकाहत्तर. गेल्या वर्षी त्यांनी प्रौढ साक्षरतेची परीक्षा दिली आणि पास झाल्या, आणि तेव्हापासून कामथडीतली एकही पाटी त्यांच्या तावडीतून सुटलेली नाही. त्या मोठ्याने वाचतात, अक्षराला अक्षर लावत, आणि शब्द पुरा झाल्याशिवाय जागचं पाऊल हलवत नाहीत. एकदा फाट्यावर एसटी आली. कंडक्टर म्हणाला, आजी, भोर आहे, चढा. अक्काबाईंनी हाताने त्याला गप्प केलं. तू सांगू नको, मी वाचते. सगळी एसटी थांबली. अक्काबाईंनी ‘भोर’ वाचलं, त्याखालचं ‘मार्गे’ वाचलं, त्याखालचंही वाचलं, आणि मगच पायरीवर पाय ठेवला. मागच्या सीटवरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

सुनेने डेमो दाखवला की त्या म्हणायच्या, ग्वाड हाय, पर ह्यात वाचाय काय न्हाई.

हे मायाताईंच्या मनात रुतून बसलं. त्यांनी मोठा डेमो करायला घेतला, चार केबीचा, चार मिनिटांचा, सुरुवात आणि शेवट असलेला. भाताचं खाचर पाण्याने भरतं, पाण्यात आभाळ उतरतं, रोपं ओळीओळीने उभी राहतात. डेमोसीनमध्ये रिवाज आहे की शेवटी आपण ज्यांना मानतो त्यांची नावं दाखवायची. युरोपातले लोक एकमेकांच्या ग्रुपची नावं दाखवतात. मायाताईंनी नऊ नावं काढली, सगळी आपल्या ओळखीची. कॉम्प्युटर आणणारे गेनबा. सोनबा, ज्यांची मोटर दरवर्षी जळते आणि ज्यांच्यामुळे हाताला एवढा सराव झाला. शेजारची रत्ना, जी मायाताईंच्या घरातली लाइट गेली की आपल्या घरातून वायर टाकू देते. अशी आठ, आणि नववं बुद्धभूषण. नावं खाचराच्या पाण्यातून एकेक अक्षराने वर यावीत, उभी राहावीत आणि विरून जावीत.

अडचण अशी की कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि मराठीला तीन. काना वेगळा, वेलांटी वेगळी, प्रत्येकीचे आपले तीन. दाबून आवळून बसवलं तरी नावं जडच. इंग्रजीत लिहिली असती तर सगळं आरामात मावलं असतं, पण अक्काबाईंना इंग्रजी येत नाही. मग मायाताईंनी ढग काढले. तरी जास्त होत होतं, म्हणून चंद्र काढला. शेवटी बांधावरचा बगळा काढला, ज्याच्या मानेवर त्यांनी दोन महिने घालवले होते, तेव्हा कुठे बुद्धभूषण मावले.

प्रत्येक नाव किती वेळ उभं ठेवायचं हेही त्यांनी अक्काबाईंवरूनच ठरवलं. सासूबाई दुकानांच्या पाट्या वाचत असताना त्या गुपचूप मनात मोजायच्या. ‘किराणा’ला किती, ‘हातपंप’ला किती. आणि इथेच त्यांनी अशी चूक केली जी मोटरवालाच करेल. मोटर भरताना वेळ मोजत नाहीत, फेरे मोजतात. कॉइलला ऐंशी फेरे म्हणजे ऐंशी, मग तुम्हाला तासभर लागो की दिवस. डेमोमध्ये कॉम्प्युटर एकामागून एक चित्रं काढत असतो, तेच मायाताईंचे फेरे झाले. एका नावाला एकशेवीस फेरे. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर सेकंदाला दहा चित्रं निघत, म्हणजे नाव बरोब्बर बारा सेकंद उभं राहायचं. दुसरा कॉम्प्युटर त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळे शंका येण्याचं कारणही नव्हतं.

अक्काबाईंना डेमो दाखवला नाही. एवढंच सांगितलं की आत्या, ह्या बारीला वाचायला हाय, पण मोठ्या पडद्यावर. अक्काबाई म्हणाल्या, म्या वाचीन तवा खरं.

जानेवारीत वेल्ह्याच्या पासलीत डेमोवाल्यांचा मेळावा भरला. भरवणारे दोघं, भोरचा अजित आणि मूळची पासलीची स्नेहल, दोघंही पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. भात झोडून झालं होतं, समाजमंदिर मोकळं होतं, भरदुपारी खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला होता. सगळे डेमो एकाच कॉम्प्युटरवर लावायचे असतात, म्हणजे कुणाला तक्रारीला जागा नको. त्यासाठी अजितने आपला गेम खेळायचा कॉम्प्युटर पुण्याहून मांडीवर घेऊन आणला होता. साठेक लोक होते. निम्मे लॅपटॉपवाले, निम्मे पासलीचे, जे पडदा दिसला म्हणून आत येऊन बसले होते. आणि सोनबांच्या टेम्पोतून आलेली कामथडी. नऊच्या नऊ नावं जातीने हजर, स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत. अक्काबाई चष्मा पुसून पहिल्या रांगेत.

अजितच्या डेमोत गोळ्यागोळ्यांची एक म्हैस डबक्यात उतरायची आणि डबकं हळूहळू आभाळ व्हायचं. पासलीकरांनी शिट्ट्या मारल्या. मानसिंग नावाच्या एकाचा डेमो इतका जड निघाला की तो पडद्यावर अक्षरशः रांगत होता. लोकांनी त्याची यथेच्छ थट्टा केली आणि तो बिचारा मागे जाऊन चहाच्या पातेल्याजवळ उभा राहिला. सातवा नंबर मायाताईंचा.

संगीत सुरू झालं. खाचर भरलं म्हणेपर्यंत रोपं उभी, रोपं उभी म्हणेपर्यंत नावं. गेनबा आले आणि गेले. अक्काबाई उठून उभ्या राहिल्या, “सो” म्हणाल्या, तोवर रत्ना आली होती. “र” म्हणाल्या, तोवर तीही गेली. चार मिनिटांचा डेमो चाळीस सेकंदांत संपला. पडदा काळा झाला आणि संगीत मात्र आपल्या ठरल्या वेळेने वाजत राहिलं, अजून तीन मिनिटं वीस सेकंद. काय करावं कुणालाच कळेना. टाळ्या सुरू झाल्या, बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या. सोनबा फ्यूज बघायला बाहेर गेले.

मायाताईंना तिसऱ्या सेकंदालाच कळलं होतं. घरी सेकंदाला दहा फेरे, इथे साठ.

बाकी सगळे खूश होते. रत्ना सांगत होती की माझं नाव दिसलं, चांगलं मोठं दिसलं. लॅपटॉपवाले म्हणाले, काय वेग आहे. एकट्या अक्काबाई खाली बसल्या आणि त्यांनी पदर सारखा केला. बुद्धभूषण त्यांच्याजवळ उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, आये, कुठली नावं होती ते मी सांगतो की.

“सांगनारे सत्तर वर्सं लई भेटले,” अक्काबाई म्हणाल्या. “मला वाचाय येतंय. पर ते उभं ऱ्हायलं पायजे का न्हाई?”

मग धावपळ झाली. आकडा बदलायचा तर मूळ फाइल कामथडीला, दुकानातल्या कॉम्प्युटरवर. स्पर्धेला दिलेली आवळलेली होती, तिच्यात बोट घालायला जागा नव्हती. पासलीत नेट नाही. अजितने कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये वेग कमी करायचं काहीतरी शोधलं, ते सापडलं नाही. स्नेहलने तिसऱ्यांदा सांगितलं की नियमाप्रमाणे डेमो एकदाच लागतो, आणि सांगताना तिचाच चेहरा पडला होता, कारण नियम तिनेच लिहिले होते.

मायाताई अजितच्या कॉम्प्युटरकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या पंख्याचा आवाज ऐकला. नीट, मान तिरकी करून, जसा त्या मोटरीचा ऐकतात.

“ही मोकळी फिरतीय,” त्या म्हणाल्या. “मिक्सर रिकामा लावला की कसा किंचाळतो, तसं. भांड्यात काय तरी टाका. लोड द्या हिला.”

अजितला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तो खुर्चीवरून पडायचाच राहिला. कॉम्प्युटरला एकाच वेळी दुसरं जड काम लावलं तर मायाताईंच्या डेमोच्या वाट्याला कमी ताकद येणार, फेरे मंदावणार. आणि जड कामं तर खोलीत खच्चून भरली होती. प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमध्ये एकेक! स्नेहलने जाहीर केलं की हे स्पर्धेबाहेर आहे, आणि स्वतःचा पेनड्राइव्ह सगळ्यात आधी पुढे केला.

मोठ्या पडद्यावर खाचर, आणि अजितच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर बाकीच्यांची जत्रा. स्नेहल सेकंदाला किती चित्रं निघतायत ते मोठ्याने वाचत होती. साठ. अजितने म्हैस सोडली. एकेचाळीस. स्नेहलचा रंगीत बोगदा. तेहतीस. साताऱ्याहून आलेल्या एकाची आग. बावीस. मग आकडा तिथेच अडकला. कुणाच्या चांदण्या टाकल्या, कुणाचे मासे टाकले, एकवीसच्या खाली जाईना. तेवढ्यात कुणाला तरी मानसिंग आठवला. अख्खं समाजमंदिर त्याच्या नावाने ओरडायला लागलं. तो चहाचा कप तसाच हातात घेऊन आला, पेनड्राइव्ह लावला, आणि आकडा धाडकन नऊवर. मघाशी ज्याची सगळ्यांनी थट्टा केली होती त्याला लोकांनी खांद्यावर घ्यायचं तेवढं ठेवलं. नऊ जरा जास्तच मंद होतं, म्हणून मासे काढले. दहा.

मायाताईंनी मान हलवली. डेमो पुन्हा लागला.

आता पाणी पाण्यासारखं भरलं. रोपं ओळीने, संगीताच्या ठेक्यावर, न अडखळता उभी राहिली. अक्काबाई पडद्यापाशी गेल्या, हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

“गे. न. बा. गेनबा.”

“हाय हाय,” गेनबा मागून म्हणाले.

“सो. न. बा.” सोनबांनी फ्यूजवाल्या हातानेच रामराम घातला. मग हजेरीच सुरू झाली. अक्काबाई नाव वाचायच्या, ज्याचं नाव तो ओ द्यायचा, पासलीकर टाळ्या वाजवायचे. रत्नाच्या नावाला अक्काबाईंनी हात वर केला. जोडाक्षर हाय, म्हणाल्या, दमानं. अजितने आपला तोच डेमो आणखी एकदा लावून दुसरी म्हैस सोडली. स्नेहल ओरडली, आठ. रत्ना पाण्यात डुलत उभी राहिली, अक्काबाईंनी तिचा ‘त्’ सोडवला, ‘ना’ला भिडवला, नाव पुरं केलं, आणि अजितने म्हैस मागे घेतली. कॉम्प्युटरचा पंखा आता भाताच्या गिरणीसारखा घोंघावत होता. पासलीचे दोघं जण पुठ्ठ्याने त्याला वारा घालत होते.

शेवटचं नाव वर यायला लागलं. ‘बु’ दिसला आणि पुढचं काय असणार ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. अक्काबाईंनाही कळलं असणार, पंचेचाळीस वर्षांपूर्वी ते नाव त्यांनीच ठेवलं होतं. रत्नाने मागून हळूच ‘बुद्ध’ म्हटलं.

“अंदाजानं न्हाई,” अक्काबाई मागे न बघता म्हणाल्या.

त्या ‘द्ध’पाशी थांबल्या. बोट उचलून हवेत ते अक्षर गिरवलं. स्नेहलने ओठांनीच अजितला खूण केली. पुन्हा दुसरी म्हैस, तिसरी म्हैस, चौथी म्हैस. सहा. पाच. संगीत कधीच संपून गेलं होतं. नाव पाण्यात थरथरत उभं होतं, झटके खात, आणि साठ माणसं श्वास धरून एका टेबलावरच्या चार म्हशींवर भरवसा ठेवून होती.

“बु. द. ध... द्ध. बुद्ध. भू. ष. ण.” मग एका दमात, “बुद्धभूषण.”

बोलण्याचं काम ज्यांच्याकडे आहे ते बुद्धभूषण उभे राहिले, त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून शाळेतल्यासारखं “हजर” एवढंच निघालं. पुढचं काही ऐकू आलं नाही. पासलीकरांनी ताडपत्र्या ओढून खाली पाडल्या, ऊन आत आलं, पडदा दिसेनासा झाला, आणि कॉम्प्युटर उकडून आपला आपण बंद पडला. मायाताई हसत होत्या, इतक्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

मग मतदान. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी, तिच्यावर आवडलेल्या डेमोचा नंबर. स्नेहलने मोजल्या. अजितची म्हैस एकोणीस. मायाताईंचं खाचर एकोणीस. बाकीची मतं इतरांत वाटली गेली. हातात एकच चिठ्ठी उरली आणि तिच्यावर नंबर नव्हता. कडेपासून कडेपर्यंत पसरलेल्या मोठ्या अक्षरांत, मधे एकदा खोडून, लिहिलं होतं ‘बुद्धभूषण’. ‘द्ध’ अगदी बरोबर.

वाद पेटला. हे नाव फक्त सातव्या डेमोत आहे, म्हणजे मत सातव्यालाच, असं स्वतः अजित म्हणाला. मानसिंग म्हणाला, नंबर नाही म्हणजे चिठ्ठी बाद, मघाशी माझा डेमो रांगत होता तेव्हा मला कुणी सूट दिली होती का? बुद्धभूषणांनी सांगून टाकलं की मी निवडणुकीला उभा नाही. शेवटी स्नेहल चिठ्ठी घेऊन पहिल्या रांगेत गेली आणि तिने विचारलं, आजी, हे मत तुम्ही नक्की कुणाला दिलंय?

“मत कुठं दिलंय म्या,” अक्काबाई म्हणाल्या. “लिवून बघितलं.”